मागचं रान

गव्हाच्या सायलोवरून, म्हणजे उंच कोठारावरून, पडला आणि क्लेम ह्युबनरचे पाय कायमचे गेले. तेव्हापासून दर कापणीला शेजारी आपापले हार्वेस्टर घेऊन यायचे आणि एका दिवसात त्याचा सगळा गहू काढून द्यायचे. विमेराच्या त्या गव्हाच्या मुलखातली रीतच तशी. माणूस पडला की बोलावण्याची वाट कुणी बघत नाही. क्लेम व्हीलचेअरवरून सगळ्यांना बिअर वाटायचा आणि आतल्या आत जळायचा.

यंदा त्यानं हार्वेस्टरला माणूस उचलणारी लिफ्ट बसवून घेतली, ब्रेकही हातानं लावायचे. बायकोला, नोरीनला, म्हणाला, "मागचं रान मी एकटा कापणार. जमलं तर शेती आपली. नाही जमलं तर मुकाट्यानं शेजारच्या बार्नीला कसायला देऊ."

"मग सांग की बार्नीला तसं."

"सांगायचं कशाला? करूनच दाखवतो."

अकड, दुसरं काय!

हातानं गाडी चालवायची परीक्षा हॉर्शमला होती. दोघं दोन दिवस तिकडे राहिली. क्लेम पास झाला, वाटभर शीळ घालत आला. फाटकातून वळताच शीळ थांबली. मागच्या रानात नुसती धसकटं होती आणि बांधाला सात हार्वेस्टर उभे होते.

"रेडिओवर सांगितलं, वादळ येतंय. म्हटलं, क्लेमचा गहू भिजायला नको," बार्नी म्हणाला. घामानं निथळत होता आणि इतका खूश होता की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

"उपकार झाले रे," क्लेम म्हणाला. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. लोकांना वाटलं, आनंदानं.

"ए, तुझा पाळणा दाखव की!" कुणीतरी ओरडलं.

क्लेमनं बटण दाबलं. लिफ्ट सुरळीत वर गेली. तो सीटवर सरकला आणि रिकाम्या रानात एक फेरी मारून आला. टाळ्या पडल्या.

"झकास!" बार्नी म्हणाला. "आणि पुढच्या वर्षाची काळजी सोड. आम्ही आहोतच."

सगळे गेल्यावर क्लेम म्हणाला, "नोरीन, कसायला द्यायचे कागद काढ."

"अरे, पण यंत्र चालतंय ना?"

"यंत्रानं मला वर चढवलं गं. यांच्या लेखी मी अजून सायलोखालीच पडलोय."

नोरीननं कपाट उघडलं. ते वादळ काही आलंच नाही.