राहेलबाईंचे डोळे आले तेव्हा

लिडियाची कंबर आठ वर्षं दुखत होती आणि आठ वर्षं तिचा चेहराच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. गाल भरलेले, रंग तुकतुकीत. असल्या बाईच्या कमरेत उठता-बसता कळ निघते, हे कोण खरं मानणार? धाकट्याच्या बाळंतपणानंतर जे दुखणं लागलं ते लागलंच. तालुक्याच्या एका डॉक्टरनं दोनदा तपासलं, हाडं शाबूत आहेत म्हणाला आणि "मनाला लावून घेऊ नका" असा सल्ला देऊन घरी धाडलं. झालं. सासूबाईंच्या, म्हणजे राहेलबाईंच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

राहेलबाई भांडत नसत. दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणारी ख्रिस्ती बाई, ती भांडेल कशाला? त्या प्रार्थनेत बोलत. संध्याकाळी घरातली सगळी गुडघे टेकून, डोळे मिटून बसली की त्या सूर लावत, "बापा, ज्यान्ला तू धडधाकट आंग दिलंस, त्यान्ला कामाची गोडी बी दे." आता देवाशी चाललेल्या बोलण्यात सुनेनं मध्ये कसं पडावं? उलट शेवटी सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणावं लागे, ते वेगळंच.

म्हणून लिडिया कधी कण्हत नसे. कळ आली की ओठ मिटून घ्यायची, कोणी बघत असलं तर हसायचीसुद्धा. पण असं हसूनही माणूस थकतं. अलीकडे तिच्या छातीत उगाच धडधडायचं, पहाटे रडू फुटायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता. खरंच दुखतं, की आपणच सोंग करतो? आपल्याला वेड तर लागत नाही ना? घरातल्या एका माणसानं एकदा जरी विचारलं असतं, तरी तिला पुरलं असतं. तेवढ्यासाठी तिचा जीव आसुसला होता.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. आफ्रिकेतून निघून देशोदेशी हिंडलेली ती साथ कोपरगावात पोचली आणि तिथून या गावात यायला तिला आठवडाही लागला नाही. रेडिओवर रोज बांगलादेशच्या लढ्याच्या बातम्या, म्हणून लोकांनी साथीचंच नाव 'जय बांगला' ठेवलं. बाजारात काळे चष्मे भाजीपाल्यासारखे खपले. पाळकसाहेब काळा चष्मा लावून उपदेशाला उभे राहिले आणि त्यांना वचन काही वाचता येईना. डोळ्याला डोळा भिडला की साथ लागते, असा सगळ्यांचा पक्का समज. ओळखीची माणसं तोंड फिरवून एकमेकांना "सलाम" करू लागली.

शाळेला सुट्टी मिळाली. लिडियाचा नवरा शांतवन मास्तर दोन्ही पोरांना तिच्या माहेरी, संगमनेरला सोडायला गेला आणि तिथंच डोळे येऊन अडकला. इकडे राहेलबाईंचे डोळे असे सुजले की उघडेचनात. बोरिक पावडरच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं डोळ्यांवर बांधून त्या बाजेवर आडव्या झाल्या.

आता घरात लिडियाकडे बघणारं कोणी उरलं नाही. पहिल्या दिवशी तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी मजा वाटायला लागली. चुलीपुढून उठताना तिनं तोंड मनसोक्त वेडंवाकडं केलं. पिठाच्या डब्यापर्यंत ती चक्क रांगत गेली. भाकऱ्या थापता थापता मध्येच जमिनीवर आडवी झाली आणि तव्यावरच्या भाकरीला हळूच म्हणाली, "थांब गं बाई, आले." आवाज मात्र तिनं होईल तेवढा दाबला. राहेलबाईंचे कान चांगले शाबूत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती फडकं बदलायला बाजेजवळ खाली बसली.

"लिडिया," राहेलबाई म्हणाल्या, "सकाळधरनं ही इसावी येळ."

"कशाची, आई?"

"तुज्या बसन्याची. बसायच्या आदी तू दम धरतीस, टेकलीस की सोडतीस. उठताना खांबाला धरतीस, तो करकरतो. उठलीस तरी लगीच चालत न्हाईस. मी सा-सात मोजते, तवा कुटं तुजं पाऊल पडतं."

लिडियाचा हात फडक्यावर तसाच थांबला.

"पयल्या दिशी म्या म्हनलं, मला ऐकवाया करतीया. पर ऐकवनारी बाई आवाज करती. तू तर दाबतीस. म्हनून काल म्या मुद्दाम घोरत पडले. तरी तुजं तसंच. निजलेल्या मानसापुढं कोन सोंग करतं?" राहेलबाईंनी तोंड तिच्याकडे वळवलं. "आट वर्सं तुज्याकडं बघत हुते. निसते गाल दिसायचे. लई दुखतं का गं?"

हा प्रश्न ऐकायला लिडिया आठ वर्षं थांबली होती, आणि आता उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आधी हुंदकाच आला. "व्हय," ती म्हणाली. "लई दुखतं, आई. मला वाटायचं, मला येडच लागलंय."

"येड न्हाई. म्या ऐकलंय ना ह्या कानानं. त्या डॉक्टरला म्हनावं, डोळ्याला फडकं बांधून तीन दिस हितं ऱ्हा."

बोलता बोलता फडक्याखालून पाणी गालांवर उतरलं.

"रडू नका, आई. डोळं चुरचुरतील."

"चुरचुरू दे. तू माज्याम्होरं कदी कन्हली का न्हाईस?"

लिडियानं नाक पुसलं. "तुमी परार्थना केली असती."

हे उत्तर राहेलबाईंना चांगलंच लागलं, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं. मग त्यांनी चाचपडत सुनेचं मनगट पकडलं.

"कन्ह आता. मोठ्यांदा कन्ह. मी सांगतीया."

लिडियानं छाती भरून श्वास घेतला. पण असं हुकमावर कण्हणं तिला काही जमेना. तिला हसूच फुटलं. हसण्यानं कमरेत सणकून कळ आली आणि तिच्या तोंडून "आई गं" बाहेर पडलं, ते थेट शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू गेलं.

"हां," राहेलबाई तिचं मनगट न सोडता म्हणाल्या, "आसं."