परक्या गल्लीतला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, रुंद तोंडाचा, एका कडेला चेपलेला. मित्रांनो, आवाज माझा कधीच नव्हता. लोकांनी दिला तेवढाच मी मोठा केला. तरीही माझा तोरा फार होता, आणि तो कसा उतरला हेच तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट राजधानीच्या चौकातल्या खांबावर चढलो. तिथे दर रविवारी कोणीही यावं, माइक हातात घ्यावा आणि पाच मिनिटं हवं ते बोलावं, अशी रीत होती. लोक मंत्र्यांची सालटी काढत. पोलीस बाजूला उभा राहून फक्त घड्याळ बघे. पाच मिनिटं भरेपर्यंत आवाज बंद करायचा नाही, असा कायदाच होता. माझी वायर सांभाळणाऱ्याला सगळे तारवाला म्हणत. तो ऐटीत सांगायचा, "आपल्याकडे पंतप्रधानालासुद्धा याची पिन ओढता येत नाही!" ते ऐकून मी फुशारून जायचो.

मग आमच्या सैन्याने एका दूरच्या देशात पाऊल टाकलं. तिथल्या लोकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून, असं जाहीर झालं. त्या कामाला मीच शोभतो असं ठरलं. हार घालून, फोटो काढून मला खांबावरून उतरवलं आणि एका जीपच्या टपावर बसवलं. तारवालाही सोबत आला.

तिथल्या गल्ल्यांतून मी दिवसभर ओरडत असे, "आम्ही तुमच्यासाठी स्वातंत्र्य आणलं आहे. घराबाहेर पडू नका. चार माणसं एकत्र दिसली तर अटक होईल." सगळं एका दमात. सुरुवातीला मला त्यात काही खटकलंही नाही, हे कबूल करतो.

एका सकाळी एक बाई दार उघडून सरळ जीपसमोर आली. तिने दोन्ही रिकामे हात वर धरले होते. शिपायांनी बंदुका रोखल्या.

"साहेब, मी शाळेत तुमची भाषा शिकवते," ती जीपमध्ये पुढे बसलेल्या कॅप्टनला म्हणाली. "तुमच्या चौकाचा धडा आहे आमच्या पुस्तकात. मलाही पाच मिनिटं द्या."

खिडक्यांच्या फटींतून अख्खी गल्ली बघत होती. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. कॅप्टन कसंनुसं हसला. "द्या तिला."

तिने माइक धरला. "माझ्या धाकट्या भावाला तुमच्या लोकांनी घरातून नेलं. बेकरीत काम करतो तो. गुन्हा काय ते सांगितलं नाही. तुमच्या देशात पकडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढे उभं करतात ना? आज नववा दिवस आहे. कुठे आहे तो?"

एक खिडकी उघडली. मग दुसरी. "माझा मुलगाही नेलाय!" कोणीतरी ओरडलं.

"बंद करा," कॅप्टन म्हणाला.

तारवाल्याने घड्याळ पाहिलं. "साहेब, दोनच मिनिटं झालीत. अजून तीन आहेत तिची."

"हा आपला चौक नाही. ओढा पिन!"

तारवाल्याचा हात पिनेवर थबकला. ओढू नकोस, ओढू नकोस, असं मी मनात किंचाळत होतो. त्याने बाईकडे पाहिलं, खाली मान घातली आणि पिन ओढली. ती बोलतच राहिली, पण जीपच्या इंजिनाच्या आवाजापुढे काही ऐकू येईना. मग तिला दोघांनी धरून नेलं.

दहा मिनिटांनी पिन पुन्हा लागली. त्याच गल्लीत मी बोललो, "नागरिकांनो, आता तुम्ही निर्भयपणे बोलू शकता." एकही खिडकी उघडली नाही. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

आता मी संग्रहालयात आहे. खाली पितळी पाटी आहे, 'स्वातंत्र्याचा आवाज'. रोज फडक्याने मला लख्ख पुसतात. मित्रांनो, धूळ बसली तरी चालेल, गंज चढला तरी चालेल. माझी खरी निगा राखायची असेल, तर ज्यांनी मला तिकडे नेलं त्यांना विचारा, त्या बाईचा भाऊ कुठे आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत हेही विचारत राहा, की आता ती बाई कुठे आहे.