सातवा पडदा वर आलाय

आमच्या गिटारला इतक्या खोडी आहेत, की तिच्या जागी माणूस असता तर त्याचं लग्न जमलं नसतं. चौथ्या तारेची खुंटी दमट हवेत आपोआप सैल होते. पोटाची फळी फुगलीय. तारा पट्टीपासून इतक्या उंच, की दाबून दाबून बोटांना घट्टे पडतात. आणि तिसऱ्या तारेवर सहाव्या घरात बोट ठेवलं की सूर येतच नाही, नुसतं ‘खट्’ होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत जयराजनी ती साताऱ्यातून आणली. स्वस्तातली होती, पण त्या दोन महिन्यांत घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

जयराज माझे मिस्टर, फौजेत नाईक आहेत. वर्षातले दोन महिने घरी, दहा महिने सीमेवर. सासर कोरेगावला आहे, पण मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते म्हणून सांगलीत, विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत एकटी राहते. लोक म्हणतात, तुझं बरंय संयोगिता, नवऱ्याची कटकट नाही. असं म्हणणाऱ्यांच्या घरी मी चहासुद्धा घेत नाही.

आमचा फोन रविवारी दुपारी असतो.

“जेवलीस?”

“जेवले. तुमी?”

“जेवलो. बाकी?”

“बाकी काय न्हाई.”

मग नेटवर्क जातं. खरं सांगते, कधी कधी ते गेलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्याचीच मला भीती बसली. असंच चाललं तर सुट्टीवर येणारा माणूस एक दिवस घरी पाहुणा होऊन येईल, आणि मी त्याला पाण्याचा तांब्या देऊन समोर बसेन. दोघांना बोलायला काही नसेल.

म्हणून मी गिटार शिकायचं ठरवलं, गुपचूप. त्यांनी स्वतः बसवलेली एक बिनशब्दांची चाल आहे. ती वाजवतानाचा त्यांचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता. सहा महिने रोज कॉलेजातून आले की तीच ऐकायची आणि तीच वाजवायची. बोटांची सालं निघाली, शेजारणीनं भिंत ठोकली, पण चाल बसली. मध्ये एका ठिकाणी ते क्षणभर बोट उचलतात. तिथं मीही उचलायचे. चाल तशीच आहे असं मला वाटायचं. मे महिन्यात सुट्टीवर आले की समोर बसून वाजवायची, एवढंच डोक्यात होतं.

एप्रिलमध्ये फोनवर म्हणाले, “येताना नवी गिटार आणतो. बघून ठेवलीया. ती खटारा दे भंगारात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी सहा महिन्यांची कातडी त्या खटाऱ्यावर होती! नुसतं “बघू” म्हटलं आणि फोन ठेवला. सोमवारी रजा टाकली, गिटार चादरीत गुंडाळली आणि मिरजेची बस धरली. ती धड झाली तर टाकायचा विषयच निघणार नव्हता.

मिरजेत तंबोरे करणारे रायगोंडाकाका म्हणून आहेत. सत्तरी ओलांडलेली. भोपळा घासता घासता त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. “वाजवा बघू,” म्हणाले. मी वाजवलं. ऐकणारा तो पहिलाच माणूस.

“लय झणझणतीया,” काका हसले. “तंबोऱ्यात हा झणकार आणायला आमी दोन-दोन दिवस तारांखालची घोडी घासतो. जवारी काढणं म्हंत्यात त्याला. तुमच्यात फुकट हाय. पर बाई, मधी एक पायरी गाळली तुमी.”

“चालच तशी हाय, काका.”

“न्हाई. जिना उतरताना पायरी चुकली की पायाला कळतं. तिथं सूर हाय.” त्यांनी सहाव्या घरात बोट ठेवलं. खट्. “हे बघा, सातवा पडदा वर आलाय, ही पट्टीवरची आडवी काडी. तार त्यालाच टेकती. म्हणून वाजवणाऱ्यानं सूर सोडून दिला. घासू?”

“घासा,” म्हटलं.

कानस फिरली, दहा मिनिटांत सूर आला. स्वच्छ, गोड. पुढचे दोन आठवडे मी तो घेऊन चाल घोटली. बोट सवयीनं उठायचं, त्याला रागवून खाली बसवलं.

मग एका रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावरूनच कळलं.

“सुट्टी रद्द झाली गं. आता दिवाळीनंतर.”

बोलले असते तर रडले असते. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, गिटार घेतली आणि अख्खी चाल वाजवली. पलीकडचं चित्र हलेना. मला वाटलं, गेलं नेटवर्क.

“कवा शिकलीस?”

“सहा महिनं झालं.”

“आन् मधी ते काय वाजवलंस?”

“गाळलेला सूर. मिरजेतनं गिटार दुरुस्त करून आणली,” मी तोऱ्यात म्हणाले.

“चाल बसवली तवा तो सूर होता. पर आपल्या गिटारवर खट् व्हायचं, आन् तू आत कांदा चिरता चिरता लय हसायचीस. म्हणून मी तिथं बोट उचलायला लागलो. तू तरी हसायचीसच. हितं एकाकडं चांगली गिटार हाय, त्यावर सूर येतोय. तरी मी उचलतोच. पोरं चिडवत्यात.”

“उचलता कशाला मग?”

“तेवढ्यात तू हसल्यागत वाटतं.”

मी हसायचे, हे मीच विसरले होते. या दोन खोल्यांत शेवटचं कधी हसले तेही आठवेना. त्यांनी मात्र माझं हसू जपून ठेवलं होतं, आणि मी त्याच जागेवर कानस फिरवून आले होते.

“थांबा,” म्हटलं आणि पुन्हा सुरू केलं. ती जागा आली. सूर आता वाजत होता, तरी मी बोट उचललं. हसायला गेले, हसू काही येईना.

हसू तिकडून आलं. त्यांचं. नेटवर्कमुळे जरा उशिरा, तोवर मी पुढच्या ओळीवर पोचले होते.

मी मागे फिरले आणि पुन्हा तिथंच बोट उचललं.