लवकर वाळलेली पुट्टी

नवीन वायरिंगसाठी वायरमनने सासूबाईंच्या खोलीतल्या जिप्सम बोर्डाच्या भिंतीला चार भोकं पाडली आणि काम उरकून तो निघून गेला. ती बुजवायचं सुनेच्या गळ्यात पडलं. तिने सकाळीच मापाने तुकडे कापून बसवले, सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवली, वरून पुट्टी ओढली. पाय मोडलेल्या सासूबाई पलंगावरून देखरेख करत होत्या. "डावीकडे फुगलंय बघ," त्या दर पाच मिनिटांनी म्हणायच्या.

दुपारी तिने बोट लावून पाहिलं. तीन ठिकाणची पुट्टी अजून ओली होती. पलंगाच्या उशाशी असलेली मात्र खडखडीत वाळलेली. तिने तळवा टेकवला. भिंत गरम होती.

तिने वायरमनला फोन लावला.

"ऊन लागत असेल, वहिनी."

"ही आतली भिंत आहे. पलीकडे बाथरूम आहे."

तो घाईघाईने म्हणाला, "मेन बंद करा. आत्ताच्या आत्ता. मी निघालोच."

ती जिन्याखाली धावली, खटका पाडला. परत आली तर खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास, आणि पांढऱ्या पुट्टीवर रुपयाएवढा तपकिरी डाग.

"काय गं, चेहरा का उतरला?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, माझ्या गळ्यात हात टाका."

सासूबाईंनी डागाकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा उलट काही न बोलता हात टाकले. तिने त्यांना ओढत, उचलत अंगणातल्या खुर्चीवर बसवलं. शेजाऱ्यांना हाक मारून अग्निशमन दलाला फोन करायला सांगितलं.

डाग डोळ्यांदेखत पसरत असणार, या विचाराने तिला बाहेर उभं राहवेना. ती बादली भरून आत गेली, हातोड्याने आपलंच काम फोडलं. धुराचा लोट तोंडावर आला. आत बोर्डामागच्या लाकडी पट्टीची कड लालभडक धुमसत होती. तिने बादली रिकामी केली, दुसरी आणली, तिसरी आणली. चुर्र आवाज थांबला तरी ती पाणी मारतच राहिली.

बंबवाल्यांनी आत हात घालून सगळं गार असल्याची खात्री केली. वायरमन मागोमाग आला. वायरचा काळवंडलेला सांधा बघून मटकन खाली बसला. "ढिला राहिला माझ्याकडून," एवढंच म्हणाला.

तिला ओरडायचं होतं, पण दातच वाजत होते. सासूबाईंनी अंगणातून हाक मारली, "ए, बाहेर ये आधी. माझ्याजवळ बस."

ती बसली. सासूबाईंनी तिचा ओला हात संध्याकाळपर्यंत सोडला नाही.