खडवलीचं पुण्यविमान

"पुण्यवान असेल तो उडेल! पापी असेल तो पडेल!"

विमानबाबांची ललकारी घुमली आणि नदीकाठी जमलेल्या अख्ख्या खडवलीनं हात जोडले. खड्ड्यात गवत पेटलं होतं आणि त्याच्या धुरावर भलामोठा रेशमी फुगा तट्ट फुगत होता. फुगा भरला की त्याला बांबूची टोपली बांधायची, भक्ताला आत बसवायचं आणि दोर सैल सोडायचे.

"वर गंधर्वांचं गाणं ऐकू येतं! देव स्वतः हात देऊन ओढून घेतात!" बाबा सांगत होते.

सुमती फुग्याचं कापड न्याहाळत होती. कल्याणच्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, बालमैत्रीण रतनकडे राहायला आली होती. महायुद्ध संपल्यावर लष्करी छावणीतलं पॅराशूटचं रेशीम बाजारात आलं, तेव्हा तिच्या आईनं त्याचे परकर शिवले होते. बाबांचं विमान त्याच कापडाचं होतं!

पाटलांची म्हातारी आई माडाएवढी वर जाऊन आली. जयजयकार झाला. मग रतनची पाळी. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून सासूनं, हौसाबाईंनी, तिला न्यायनिवाड्यासाठी आणलं होतं.

पुन्हा गवत पेटलं. आता धूर असा दाट, की लोक खोकू लागले. दोर सुटले. फुगा नुसता डुलला आणि टोपली जागची हलली नाही.

"घोर पाप!" बाबांनी डोळे मिटले. "सोन्याची शांती करावी लागेल."

"सोनं कुठनं आणू?" हौसाबाई कडाडल्या. "चल गं, गाठोडं बांध. माहेरी जा!"

रतन टोपलीतच मान घालून बसली. सुमतीच्या मस्तकात तिडीक गेली. खड्ड्याजवळ बाबांचा चेला जाळ घालत होता; त्याच्यापुढच्या ढिगातलं मूठभर गवत तिनं उचललं आणि पिळलं. पाणी ठिबकलं.

"बाबा, पाटलांच्या आईला कोरडं गवत आणि रतनला ओलं?"

"गंगाजल शिंपडलंय!"

"मग आता न शिंपडलेलं घालू. महिपतमामा, तुमच्या गंजीतलं कोरडं गवत आणा." रतनचा सासरा लगबगीनं निघाला. "आणि टोपलीत आधी काळुराम बसेल."

लोक फसकन हसले. दारूबंदी आल्यापासून काळुरामची हातभट्टी पंचक्रोशीत नावाजलेली!

"अहो बाई, माझ्यानं विमान फाटंल!" काळुराम म्हणाला, पण रतन उतरताच आत बसला.

बाबा "अनर्थ, अनर्थ" ओरडत राहिले. कोरडं गवत भडाभडा पेटलं. धूर थोडा, जाळ मोठा. दोर सुटले आणि खडवलीचा सगळ्यांत नामांकित पापी माडाच्या शेंड्यापाशी लोंबू लागला.

"आयला, मी पुण्यवान हाय!" वरून आवाज आला. हसून हसून बायांनी पदर तोंडाला लावले.

तो उतरताच रतन पुढं आली. "सुमे, मी परत बसते."

"घाबरू नकोस. डोक्याला ऊब लागेल, बाकी काही नाही."

रतन वर गेली, सावकाश खाली आली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

"गंधर्व दिसले का गं?" हौसाबाईंनीच विचारलं.

"नाही, सासूबाई. आपण वर चाललोय असं वाटतच नाही, जमीनच खाली जाते. पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकलं ते कानाशी ऐकू आलं. आणि आपल्या घराची दोन कौलं फुटलीत."

हौसाबाई टाचा उंचावून घराच्या दिशेनं बघू लागल्या. बाबा चेल्यासह स्टेशनकडे सटकले होते, फुगा तिथंच टाकून.

"तापलेली हवा हलकी असते," सुमती म्हणाली. "चुलीचा धूर वर जातो, तसा हा फुगा जातो. ओल्या गवताचा धूर फार, पण उष्णता कमी. म्हणून तो उठला नाही. यात ना देव, ना पाप. मूल होत नसेल तर रतनला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही, कल्याणच्या डॉक्टरकडे आणा. देवाला जरूर हात जोडा. पण घरच्या लेकीसुनेचा न्याय कुणा भोंदूच्या गवतावर सोपवू नका. त्याआधी एकदा ते गवत पिळून बघा!"