शेवंतीमावशींसाठी एकवीस किलोमीटर

"हसू नका मावशी, दात दिसतायत," कृतिका म्हणाली आणि मोबाइल जरा खाली धरून तिने पुन्हा फोटो काढला.

शेवंतीबाईंनी ओठ मिटले. हातातलं लादीचं फडकं कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरलं. कृतिकाने त्यांना खिडकीपासून सरकवून भिंतीशी उभं केलं, डोक्यावरून पदर घ्यायला लावला, आणि पाचव्या फोटोवर तिचं समाधान झालं. त्यात शेवंतीबाई खरोखरच आजारी दिसत होत्या. प्रत्यक्षात त्या सकाळपासून तीन घरची भांडी घासून आल्या होत्या आणि त्यांना भूक लागली होती.

"कशाला हवाय फोटो?"

"तुमच्यासाठीच मावशी. बघाल तुम्ही."

कर्करोगाच्या गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या एका संस्थेने डिसेंबरात एकवीस किलोमीटरची दौड ठेवली होती. बाळकुमच्या त्या सोसायटीतले अकरा जण त्यात धावणार होते. प्रत्येकाने कोणाच्या तरी नावाने धावायचं आणि त्या नावावर ओळखीपाळखीतून पैसे जमवायचे, अशी तिथली पद्धत. कोणाचे वडील गेले होते, कोणाची आत्या, एकीचा तर सख्खा धाकटा भाऊ. कृतिकाच्या माहेरी आणि सासरी मिळून एकालाही कधी काही झालं नव्हतं. आजेसासरे एक्याण्णव वर्षांचे होते आणि अजून चकल्या फोडून खात होते. धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकमेकांच्या दुःखाला हात जोडायचे आणि हिला आपलं आगंतुकासारखं वाटायचं. अशातच शेवंतीबाईंनी दोन दिवसांची सुट्टी मागितली. छातीत गाठ लागलीय, सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासायला देणार आहेत, कोणाला बोलू नका ताई.

कृतिकाला फार वाईट वाटलं. ते खोटं नव्हतं. पण वाईट वाटता वाटता तिला थोडं बरंही वाटलं, आणि हे दुसरं तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. फोटो मिळाल्यावर तिने त्याच संध्याकाळी मजकूर लिहिला. तपासणी, तुकडा, निकाल यायचाय, एवढं लांबण कोण वाचतं? 'आमच्या घरी सात वर्षं काम करणाऱ्या शेवंतीमावशी कर्करोगाशी झुंजत आहेत. त्यांच्यासाठी मी एकवीस किलोमीटर धावणार आहे.' आठवडाभरात तिच्याकडे सगळ्यांपेक्षा जास्त पैसे जमले. मग सगळ्यांनी मिळून एकसारखेच टी-शर्ट छापायचं ठरवलं आणि त्यांवर शेवंतीबाईंचा फोटो घेतला. बाकीच्यांची माणसं गेलेली होती. जिवंत चेहरा फक्त कृतिकाकडे होता.

बारा दिवसांनी शेवंतीबाई प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद घेऊन आल्या. कृतिका नुकतीच धावून आली होती आणि गॅलरीत स्टुलावर टाच ठेवून पाय ताणत होती.

"साधी निघाली ताई! चरबीची गाठ. कापायची पण गरज नाही, म्हणाले डॉक्टर."

कृतिकाने त्यांना मिठी मारली. सात वर्षांत पहिल्यांदाच. आणि त्या मिठीत असतानाच तिला छापून आलेल्या टी-शर्टांची खोकी आठवली.

"आता तेवढं ग्रुपवर लिहून टाका ना," शेवंतीबाई म्हणाल्या. "मला तसलं काही नाही म्हणून."

"लिहू की. पण एवढी घाई काय?"

घाई होती. शेवंतीबाईंच्या ऐश्वर्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगा सूरज, कल्याणचा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कायम नोकरीला, दारू नाही, तंबाखू नाही. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची बाकी होती. आणि कृतिकाचा तो मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत नेमका सूरजच्या आईपर्यंत पोचला. आदल्या संध्याकाळी तिने फोन करून विचारलं. शेवंतीबाईंनी खरं ते सांगितलं, रिपोर्टचा फोटोही पाठवला. पण ती म्हणाली, एवढ्या शिकलेल्या मॅडम उगाच कशाला लिहितील? रविवारी येते, त्यांनाच विचारते. मुलगी करायची तर चार ठिकाणी चौकशी करतातच. शेजारी, वाणी, आणि आई जिथे काम करते ती बाई. त्यात शेवंतीबाईंना काही गैर वाटलं नव्हतं.

"आईवर कोण विश्वास ठेवणार? आई पोरीसाठी बोलणारच," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक शब्द सांगितला की झालं. तेवीस पूर्ण झालीत ताई तिला. असं स्थळ परत नाही यायचं."

"मावशी, ग्रुपवर आत्ता नको. लोकांनी विश्वासाने पैसे दिलेत. आत्ता लिहिलं तर मला फसवी म्हणतील. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, धावणं झालं की मीच लिहिते. पण त्या बाई आल्या ना, की त्यांना सांगते मी. नक्की."

त्या क्षणी तिला तसंच करायचं होतं. गोड बोलून टोलवणाऱ्यांतली ती नव्हती. टोलवावं लागेल अशी वेळच तिच्यावर आजवर आली नव्हती, एवढंच.

रविवारी सगळे अठरा किलोमीटर धावले. बाळकुम नाक्यावरून माजिवडा, तिथून घोडबंदर रस्त्याने लांबवर आणि तसंच परत. अकराच्या अकरा छात्यांवर शेवंतीबाईंचा चेहरा घामाने ओला झाला होता. फाटकाशी प्रभाकरशेठ वाट बघत उभे होते. ही सोसायटी ज्या भातशेतीवर उभी आहे ती त्यांच्या वडिलांची. त्यांची बायको याच रोगाने गेली होती. शेवंतीबाईंचा फोटो बघून त्यांनी जाहीर केलं होतं, कृतिका जेवढे जमवेल तेवढेच मी माझ्या खिशातून घालीन. आज ते चेक घेऊन आले होते.

"आलीस गो पोरी? ये, ये. दम खा आधी."

वॉचमनच्या केबिनशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, इस्त्रीची सुती साडी, काखेत पर्स. ती पुढे आली.

"कृतिका मॅडम तुम्हीच ना? मी मंदाकिनी, सूरजची आई. कल्याणवरून आली. शेवंतीबाई बोलल्या असतील तुम्हाला."

कृतिकाला धाप लागली होती. तिने नुसती मान हलवली आणि मंदाकिनीला थोडं बाजूला नेलं. शेवंतीचं नाव ऐकून प्रभाकरशेठही मागून आले.

"जास्त वेळ नाही घेत," मंदाकिनी म्हणाली. "त्यांना तो आजार आहे का नाही, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते मी खरं मानेन."

"अवो, काय इचारता?" प्रभाकरशेठ मध्येच म्हणाले. "त्या माउलीसाठीच तर ही पोरं उन्हातान्हात धावतात." त्यांचे डोळे भरून आले होते. आत्ता या सगळ्यांसमोर 'नाही' म्हणायचं, तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. मागे दहा जण पाणी पीत, घाम पुसत उभे होते आणि त्यांतली एकजण मोबाइल घेऊन चेक देतानाचा फोटो काढायला सज्ज होती.

"आहे," कृतिका म्हणाली. "पण फार धीराच्या आहेत हो त्या."

मंदाकिनी तिच्या टी-शर्टवरच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते बघणं कृतिकाला सोसेना. आपण अगदीच वाईट नाही असं तिला कुठेतरी दाखवायचं होतं.

"हल्ली बरा होतो तो," ती घाईघाईने म्हणाली. "त्यावरून मुलीचं लग्न मोडू नये, असं मला वाटतं. ऐश्वर्या खरंच गुणी मुलगी आहे."

"आजाराचं काय घेऊन बसलात मॅडम? मलाच झालेला सहा वर्षांपूर्वी. डावी बाजू काढली माझी." मंदाकिनीने हे पदर सारखा करत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "त्या हो म्हणाल्या असत्या ना, तर मी त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसली असती. कुठला डॉक्टर चांगला, काय खायचं, सगळं मला माहितीय. म्हणून तर विचारलं मी त्यांना. आणि त्यांनी मला डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा कागद पाठवला, काही नाही म्हणून. एवढा खोटा कागद बनवणारं घर! आजार चालला असता. हे नाही चालायचं. मुलगी आवडली होती हो मला."

अजूनही वेळ गेली नव्हती. कागद खरा आहे, मीच चुकले, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हे तिला त्या वेळी स्वच्छ कळत होतं. नंतर कधीही तिला आपला गोंधळ झाला होता असं म्हणता आलं नसतं.

"घाबरून केलं असेल त्यांनी," ती म्हणाली.

"असेल." मंदाकिनीने पर्स उघडली, पाचशेची एक नोट काढली आणि कृतिकाच्या हातात दिली. "त्यांच्या औषधाला. माझं नाव नका सांगू. उगाच ओशाळल्यासारखं होईल बिचारीला."

कृतिकाने नोट घेतली. मंदाकिनी रस्ता ओलांडून रिक्षाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मग फोटो निघाला. त्यात प्रभाकरशेठ रडत होते आणि कृतिका चेकचं एक टोक धरून छान हसत होती.

ती घरी आली तेव्हा शेवंतीबाईंनी बादलीत कोमट पाणी तयार ठेवलं होतं. लांबचं धावणं झालं की कृतिका मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसायची. ते पाणी काढून ठेवायला तिने कधी सांगितलं नव्हतं. त्या आपणहून काढायच्या.

"आल्या होत्या ना त्या?" शेवंतीबाईंनी दारातच विचारलं.

"हो."

"बोललात?"

"बोलले."

"काय म्हणाल्या?"

कृतिका खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. शेवंतीबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी ती सोडवली.

"मुलगी आवडली म्हणाल्या," कृतिका म्हणाली.

शेवंतीबाई तशाच जमिनीवर बसल्या. त्यांना रडू आलं आणि रडताना त्या हसतही होत्या, दात दाखवून. ऐश्वर्याला लगेच कळवावं म्हणून त्यांनी फोन काढला. मग त्यांनाच काय वाटलं, त्यांनी तो परत कमरेला खोचला.

"नको. त्यांचा फोन येऊ दे आधी. मानाने येऊ दे." त्यांनी बादलीत मूठभर खडेमीठ टाकलं, हाताने ढवळलं आणि कृतिकाचा उजवा पाय उचलून पाण्यात ठेवला. "तुमचे उपकार कसे फेडू ताई? आणि ते ग्रुपवरचं राहू द्या आता. सावकाश लिहा. माझं काय अडलंय त्याच्यावाचून?"

कृतिकाने डाव्या पायातला बूट आणि मोजा काढला.

"पाणी जास्त गरम नाही ना?"

"नाही," ती म्हणाली आणि तिने दुसराही पाय पाण्यात सोडला.