चार तासांचा पूर

वर धरणातून सोडलेलं पाणी खालच्या गावात किती वेळानं पोचेल, हे गणितानं काढायचं काम रुतिकाकडे आलं तेव्हा ती खूश झाली. बेलापूरच्या त्या सल्लागार कंपनीतलं तिचं हे पहिलंच मोठं काम. शिवाय त्या गावात तिची आत्या, पुतळाबाई, राहत होती.

सूत्रातले तीन आकडे कुणालाच ठाऊक नसतात. कॉम्प्युटर ते हजारो वेळा बदलून पाहतो आणि मोजलेल्या पुराशी ज्यांचा मेळ सर्वांत चांगला बसेल ते ठेवतो. तीन आठवड्यांनी मेळ असा बसला, की गणिताची आणि मोजलेल्या पुराची, अशा दोन्ही रेषा एकमेकींवर आल्या. उत्तर निघालं चार तास.

रविवारी तिनं आत्याला सहज सांगितलं.

"चार तास?" आत्या सुकट निवडत होती. "नाय गो. मागल्या साली भात शिजला नव्हता, तवर पानी चुलीत शिरलं."

रुतिकानं परत जाऊन मोजमापांच्या तारखा पाहिल्या. तिची मोजमापं वीस वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर खाडीलगतच्या खाजणात, म्हणजे पुराचं पाणी पसरायचं त्या दलदलीत, भराव पडला, गोदामं उठली, पाणी मोजायची पट्टीही गेली. गणितात चूक नव्हती. ती नदीच उरली नव्हती.

तिचे साहेब, जयदेव सर, यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पटलंही. "पण नवी मोजमापं आहेत का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

नव्हती. तिनं अहवालाच्या शेवटी एक टीप जोडली. ती कुणी वाचली नाही. धरणातून पाणी सोडलं की वाजणारा गावातला भोंगा चार तासांच्या अंदाजानंच बसवला गेला, आणि लोकांनाही तेवढाच वेळ सांगितला गेला.

पाऊस वाढला की करावे गावात आमच्याकडे ये, असं तिनं आत्याला बजावलं. आत्यानं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याकडे, हिरामणकडे, पाहिलं. "यांना उचलून कोन नेनार?"

जुलैत एका दुपारी भोंगा वाजला. संध्याकाळपर्यंत वेळ आहे म्हणून लोक निवांत आवराआवर करत राहिले. पाणी सव्वा तासात आलं. गावातली चार माणसं गेली. त्यांत हिरामण होते, आणि त्यांना सोडून न निघालेली पुतळाबाई.

तेराव्यानंतर रुतिका कामावर गेली. एका गोदामाच्या कॅमेऱ्यानं चढतं पाणी मिनिटामिनिटानं टिपलं होतं. आता नवी मोजमापं होती. हे दुसऱ्या कुणाला देतो, असं सर म्हणाले, पण तिनं नको म्हटलं. कॉम्प्युटरनं आकडे फिरवले आणि दुपारपर्यंत मेळ बसला. सव्वा तास.

त्याच आठवड्यात गोदामांपलीकडच्या खाजणात नवा भराव पडू लागला होता.